ऱ्हास : काळाचा नियम की आचरणाचे फळ?

एखादी विद्या, संस्था किंवा आचार नावारूपाने टिकून राहतो, पण त्याचे सत्त्व क्रमाक्रमाने उणे होत जाते, या प्रक्रियेला ऱ्हास म्हणतात. नाशामध्ये वस्तूच उरत नाही. परिवर्तनामध्ये ती वेगळी होते, परंतु वेगळी झाली म्हणजे उणी झालीच असे नाही. ऱ्हासामध्ये मात्र वस्तू उरते, तिचे नाव उरते, बहुधा तिचा बाह्य विधीही उरतो, आणि ज्या गुणामुळे ती मोलाची ठरली होती तो गुण तेवढा ओसरतो. म्हणून ऱ्हासाच्या विधानात नेहमी तीन घटक गृहीत असतात : पूर्वीची स्थिती, आताची स्थिती आणि या दोन्ही स्थितींना लावलेले एक मूल्य. यांपैकी एकही घटक संदिग्ध राहिला, तर ते विधान तक्रारीपलीकडे जाऊ शकत नाही.

धर्मविचारात या कल्पनेला असाधारण महत्त्व आहे, कारण तिच्यापोटी एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. धर्माचा ऱ्हास काळाच्या स्वभावामुळे होतो, की माणसांच्या आचरणामुळे? पहिले उत्तर स्वीकारले तर माणसाला त्या प्रक्रियेचा साक्षी होण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दुसरे स्वीकारले तर प्रत्येक उणिवेमागे कोणाचे तरी कर्तव्य चुकलेले असते आणि ते पुन्हा उभे करण्याची जबाबदारीही कोणाची तरी असते. भारतीय परंपरांनी ही दोन्ही उत्तरे दिली आहेत, आणि पुष्कळदा ती एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आढळतात. त्या उत्तरांचा बारकाईने विचार केला असता असे दिसते की ऱ्हासाची जाणीव जेव्हा कारणाचा शोध घेते आणि त्यातून कर्तव्य सांगते, तेव्हाच ती धर्मदृष्ट्या सार्थ असते. कारणाची जागा तिने काळाला दिली की ती धर्माच्याच मुळावर येते.

काळाचे गणित

युगकल्पनेची सर्वपरिचित मांडणी मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात आहे. कृतयुगाची ४,००० वर्षे आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या संधिकाळाची प्रत्येकी ४०० वर्षे मिळून ४,८०० वर्षे होतात. त्रेता, द्वापर आणि कली या युगांची वर्षे याच प्रमाणात घटत जाऊन अनुक्रमे ३,६००, २,४०० आणि १,२०० होतात, आणि चारही युगांची बेरीज १२,००० वर्षे येते. ही वर्षे देवांची मानून आणि देवांचे एक वर्ष म्हणजे माणसांची ३६० वर्षे असे धरून पुराणांनी व ज्योतिषग्रंथांनी महायुगाचे मान ४३,२०,००० वर्षे आणि कलियुगाचे मान ४,३२,००० वर्षे ठरविले. कृतयुगात धर्म चार पायांवर उभा असतो, पुढे प्रत्येक युगात त्याचा एकेक पाय नाहीसा होतो, माणसाचे चारशे वर्षांचे आयुष्यही पाव पाव हिश्श्याने घटते, अशी ही कल्पना आहे. या वर्णनात काळ हाच कर्ता वाटतो. तथापि त्याच ठिकाणी मनुस्मृती धर्माचा पाय गळण्याचे कारणही सांगते, आणि ते कारण म्हणजे अधर्माने केलेली प्राप्ती, चोरी, असत्य आणि कपट. कालगणना आणि नैतिक कारण ही दोन्ही सूत्रे अशा रीतीने आरंभापासूनच एकमेकांत गुंतलेली आहेत.

या दोन सूत्रांची फारकत करून पाहणे शक्य आहे, याचे उत्तम उदाहरण ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात मिळते. आर्यभटाने आपल्या ग्रंथात युगाचे ४३,२०,००० वर्षांचे मान कायम ठेवले, परंतु त्याचे चार भाग चार, तीन, दोन, एक या उतरत्या प्रमाणात न करता प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे समान भाग केले. चौथ्या भागाची ३,६०० वर्षे संपली तेव्हा आपले वय २३ वर्षांचे होते, असे तो नोंदवितो. कलियुगाचा प्रारंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये मानला जात असल्याने ही नोंद इसवी सन ४९९ ची ठरते. पुढे ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने आर्यभटावर टीका करताना हे समान विभाजन स्मृतींना धरून नाही, असा दोष दाखविला. ग्रहांच्या भगणांचे, म्हणजे त्यांच्या पूर्ण फेऱ्यांचे, गणित करण्यासाठी दीर्घ कालखंड आवश्यक होता. तो कालखंड उतरता असण्याची मात्र गणिताला काहीच आवश्यकता नव्हती. आकाशातील गतींमधून धर्माची घट सिद्ध होत नाही, ती माणसाने आपल्या मूल्यांच्या आधारे काळावर लिहिलेली असते, हे या वादातून स्पष्ट होते.

काळालाच ऱ्हासाचे कारण मानणारी सर्वांत सुसंगत मांडणी जैन दर्शनात आढळते. जैन मते जगाचा कोणी निर्माता नाही, आणि कालचक्राचे उतरता व चढता असे दोन अर्धे आहेत. उतरत्या अर्ध्याला अवसर्पिणी आणि चढत्याला उत्सर्पिणी म्हणतात. अवसर्पिणीचे सहा आरे, म्हणजे टप्पे, असून त्यांत माणसाची उंची, आयुष्य, बळ आणि सुख क्रमाने घटते. सध्या चालू असलेला दुषमा नावाचा पाचवा आरा २१,००० वर्षांचा आहे, आणि या काळात भरतक्षेत्रातून, म्हणजे आपण राहतो त्या भूभागातून, थेट मोक्ष मिळत नाही, असे ही परंपरा मानते. या सिद्धान्ताला दोन मर्यादा मात्र तिनेच घातल्या आहेत. पहिली अशी की उतरणीनंतर चढण निश्चित आहे, त्यामुळे ऱ्हास हे जगाचे अंतिम सत्य ठरत नाही; दुसरी अशी की महाविदेह नावाच्या दुसऱ्या क्षेत्रात हे चढउतार होतच नाहीत, म्हणजे ऱ्हास सर्वव्यापी नसून क्षेत्रविशिष्ट आहे. शिवाय मोक्षाचे द्वार तूर्त बंद असले तरी कर्मबंध तोडण्याचे आणि अहिंसेचे कर्तव्य साधूला किंवा श्रावकाला कणभरही माफ केलेले नाही. काळाला इतके बलवान मानणाऱ्या दर्शनानेही आचरणाची सूट काळाच्या नावावर दिली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ऱ्हासावरून ईश्वरापर्यंत

ऱ्हास हा केवळ पुराणकथेचा विषय न राहता तर्काचा विषय झाला, तो दहाव्या शतकातील मिथिलेच्या उदयनाचार्यांच्या हाती. त्यांचा न्यायकुसुमांजलि हा ग्रंथ ईश्वराच्या अस्तित्वाची सिद्धी करण्यासाठी लिहिलेला असून त्याचे पाच स्तबक, म्हणजे गुच्छ, आहेत. दुसऱ्या स्तबकात त्यांच्यासमोर उभे आहेत ते मीमांसक. मीमांसा दर्शनाप्रमाणे वेद अपौरुषेय आहे, म्हणजे तो कोणाही पुरुषाने, ईश्वरानेही, रचलेला नाही. गुरूने शिष्याला शिकवावे आणि त्याने पुढच्याला शिकवावे, ही परंपरा अनादि आहे, आणि जग आज आहे त्याहून मुळातच निराळे कधी नव्हते. अशा मतात सृष्टीच्या आरंभाला, प्रलयाला आणि पर्यायाने ईश्वरालाही स्थान उरत नाही.

उदयनाचार्यांनी या मताचे खंडन करण्यासाठी ऱ्हास हाच हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, म्हणून पुढे केला. पूर्वी वेदाच्या हजार शाखांचे अध्ययन होत असे, मग सहा अंगांसह एका वेदाचे होऊ लागले, आणि आता एखाद्या शाखेचे अध्ययनही कष्टाने होते. उपजीविकेच्या बाबतीतही शेतात सांडलेले दाणे वेचण्यापासून न मागता मिळालेल्या दानापर्यंत, तेथून शेती व व्यापारापर्यंत आणि शेवटी चाकरीपर्यंत उतरण झाली आहे. जन्म, संस्कार, विद्या, शक्ती, स्वाध्याय आणि कर्म या सर्वांत जर अशी घट दिसत असेल, तर जे घटत जाते ते कधीतरी संपते या न्यायाने वैदिक संप्रदायाचाही कधीतरी उच्छेद होणार, आणि तो उच्छेद झाल्यानंतर वेद पुन्हा प्रवर्तित करणारा कोणीतरी सर्वज्ञ लागणार. तोच ईश्वर होय, असा हा युक्तिवाद आहे.

या युक्तिवादाचे तार्किक बळ तपासताना त्यातील एक दुवा कच्चा असल्याचे जाणवते. घट दिसली म्हणजे शून्य गाठले जाईलच, असे सर्वत्र घडत नाही. एखादी गोष्ट घटत घटत एका मर्यादेपाशी स्थिरावू शकते, किंवा एका अंगाने घटत असताना दुसऱ्या अंगाने वाढू शकते. उदयनाचार्य स्वतःच याचे मोठे प्रमाण आहेत, कारण ज्या काळात वेदाच्या शाखा लुप्त होत होत्या त्याच काळात न्यायशास्त्र त्यांच्या लेखणीतून एका नव्या शिखरावर पोहोचले. तरीही या युक्तिवादातील धार्मिक आशय मोलाचा आहे. ज्ञानाची परंपरा आपोआप चालत नाही, तिला धारण करणारा कोणी चेतन कर्ता लागतो, आणि तो नसेल तर शब्द जसेच्या तसे राहूनही विद्या मरते, हे सत्य उदयनाचार्यांना मीमांसकांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवले होते.

याच अनुभवाचे एक प्राचीन रूप यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांचे अर्थ लावणाऱ्या ग्रंथात, आढळते. यास्काच्या म्हणण्याप्रमाणे आरंभीच्या ऋषींना धर्म साक्षात दिसत होता. ज्यांना तो दिसत नव्हता अशा पुढच्या लोकांना त्यांनी उपदेशाने मंत्र दिले. आणि उपदेशानेही ज्यांचे समाधान होईना त्यांच्यासाठी पुढे निघंटू, म्हणजे वैदिक शब्दांचा संग्रह, वेद आणि वेदांगे ग्रथित झाली. दर्शनाकडून उपदेशाकडे आणि उपदेशाकडून ग्रंथाकडे असा हा उतार आहे, परंतु त्या उताराच्या प्रत्येक पायरीवर काहीतरी नवे निर्माण झाले आहे. व्याकरण, छंदःशास्त्र, निरुक्त ही शास्त्रे मूळ दृष्टी मंदावल्यामुळे जन्माला आली, आणि ती दृष्टी मंदावली नसती तर त्यांची गरजच पडली नसती. ऱ्हासाचे भान हे येथे शास्त्रनिर्मितीचे प्रेरक कारण आहे.

आतून येणारी पोकळी

ऱ्हासाची कारणमीमांसा सर्वांत धीटपणे केली ती बौद्ध परंपरेने. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्तात एका राजवंशाची कथा आहे. त्या वंशातील सातव्या चक्रवर्ती राजानंतर गादीवर आलेल्या राजाने प्रजेचे रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली, चोरीला देहदंड दिला तेव्हा चोरांनी शस्त्रे हाती घेतली, त्यातून हत्या, असत्य आणि इतर दोष एकामागून एक आले, आणि माणसाचे आयुष्य ऐंशी हजार वर्षांवरून घसरत घसरत दहा वर्षांवर आले. या साखळीची पहिली कडी राजाच्या कर्तव्यच्युतीची आहे, आणि तेथे काळ हे कारण म्हणून येतच नाही. उतार जसा कारणांनी घडला तसाच चढही कारणांनी घडतो : संहाराच्या सात दिवसांत रानात लपून वाचलेली माणसे एकमेकांना भेटतात, हत्या न करण्याचा निश्चय करतात, आणि तेथून आयुष्य पुन्हा वाढू लागते. ऱ्हास उलटविता येतो, आणि तो उलटविण्याचा आरंभ एका नैतिक निर्णयाने होतो, असा या सुत्ताचा निर्वाळा आहे.

बुद्धाच्या धम्मालाही ऱ्हासाचा हाच न्याय लावलेला आहे. संयुत्तनिकायात असे सांगितले आहे की सद्धम्म पृथ्वी, जल, अग्नी किंवा वायू यांच्यामुळे लोप पावत नाही; संघातच निर्माण झालेली पोकळ माणसे त्याच्या लोपाला कारण होतात, आणि भिक्षू, भिक्षुणी, उपासक व उपासिका जेव्हा शास्ता (म्हणजे बुद्ध), धम्म, संघ, शिक्षा आणि समाधी यांच्याविषयी बेपर्वा होतात तेव्हा धम्माला उतरती कळा लागते. त्याच निकायात दसारह नावाच्या क्षत्रियांच्या नगाऱ्याचा दृष्टान्त आहे. नगाऱ्याला जेथे जेथे चीर जाई तेथे तेथे ते नवी खुंटी ठोकत गेले, आणि शेवटी मूळ नगारा नाहीसा होऊन नुसत्या खुंट्यांचा सांगाडा उरला. तथागताची गंभीर वचने ऐकण्याचे सोडून भिक्षू अलंकारिक रचनांत रमतील तेव्हा धम्माची हीच गत होईल, असा इशारा तेथे दिला आहे. ऱ्हासाचे मर्म या दृष्टान्तात नेमके पकडलेले आहे, कारण त्यात कोणत्याही क्षणी कोणी नगारा फोडलेला नाही. प्रत्येकाने दुरुस्तीच केली आहे, आणि ती करताना नाद शाबूत आहे की नाही हे विचारण्याचे तेवढे राहून गेले आहे.

प्लेटोच्या रिपब्लिक या ग्रंथाच्या आठव्या भागातही असेच अंतर्गत कारण आढळते. उत्तम राज्यव्यवस्थाही उत्पन्न झालेली असल्यामुळे ती क्षय पावणार, हे तो मान्य करतो. परंतु क्षयाचा क्रम सांगताना तो शासकांच्या शिक्षणातील हयगय, मानाची आणि मग धनाची हाव, आणि शेवटी स्वातंत्र्याचा अतिरेक अशी कारणे देतो. प्रत्येक व्यवस्था ज्या गोष्टीला परमश्रेष्ठ मानते तिच्याच अनावर लोभाने ती कोसळते, हे त्याचे निरीक्षण आहे.

आधुनिक काळात पदार्थविज्ञानाने काळवादाला नवा आधार दिला, असे अनेकांना वाटते. ऊष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे बंदिस्त व्यवस्थेतील अव्यवस्था, जिला क्लाउसियसने १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हे नाव दिले, आपण होऊन कमी होत नाही. परंतु हा नियम बाहेरून ऊर्जा न मिळणाऱ्या बंदिस्त व्यवस्थेपुरता आहे. सूर्याची ऊर्जा घेऊन बीजाचा वृक्ष होतो तेव्हा हा नियम मोडत नाही. समाज, विद्या आणि धर्म यांना प्रत्येक पिढीकडून नवे कष्ट मिळत असतात, त्यामुळे त्यांच्या अवनतीचा निकाल या नियमावरून देता येत नाही. फार तर एवढेच म्हणता येते की कष्ट थांबले की सुव्यवस्था आपोआप टिकत नाही, आणि हे म्हणणे दैववादाच्या विरुद्धच जाते.

युग म्हणजे वृत्ती

कृत, त्रेता, द्वापर आणि कली ही मूळची फाशांच्या दानांची नावे होती, आणि वैदिक वाङ्मयात ती काळविभागांहून निराळ्या अर्थानेही येतात. ऐतरेय ब्राह्मणातील हरिश्चंद्रपुत्र रोहिताच्या आख्यानात इंद्र रोहिताला सतत चालत राहण्याचा उपदेश करतो, तेव्हा निजलेला माणूस कली, झोपेतून जागा होणारा द्वापर, उठून उभा राहणारा त्रेता आणि चालू लागलेला कृत होय, असे सांगितले आहे. ज्या मनुस्मृतीने पहिल्या अध्यायात युगांची वर्षे मोजली, तिनेच नवव्या अध्यायात हा विचार राजाला लावला, आणि राजाची वागणूक हेच युग असे म्हणून त्याची निद्रा, जागृती, कर्मासाठी सज्जता आणि प्रत्यक्ष संचार यांना अनुक्रमे कली, द्वापर, त्रेता आणि कृत ठरविले. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्मांनी युधिष्ठिराला याच आशयाचा उपदेश केला आहे. काळ राजाला घडवितो की राजा काळाला, हा संशय बाळगू नये, कारण राजाच काळाचे कारण आहे, आणि दंडनीतीचा, म्हणजे राज्यकारभाराच्या शास्त्राचा, जितका पूर्ण वापर तो करील तितके चांगले युग त्याच्या राज्यात अवतरेल, असे भीष्म सांगतात.

भगवद्गीतेत हा प्रश्न याहून सूक्ष्म रूपाने येतो. पहिल्या अध्यायात अर्जुनाने युद्ध टाळण्यासाठी दिलेली कारणे मुख्यतः ऱ्हासाचीच आहेत : कुलाचा क्षय झाला की कुलधर्म नष्ट होतील, अधर्म माजेल, स्त्रिया बिघडतील, वर्णसंकर होईल आणि पितर पतित होतील. पुढील अवनतीच्या भयाने माणूस आजच्या कर्तव्यापासून परावृत्त कसा होतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्णांनी हाच युक्तिवाद उलटा फिरविला आहे. आपण कर्म केले नाही तर हे लोक नष्ट होतील आणि संकराला आपणच कारणीभूत होऊ, असे ते म्हणतात. अर्जुनाच्या मते कर्मामुळे ऱ्हास होतो, श्रीकृष्णांच्या मते अकर्मामुळे. लोकसंग्रह, म्हणजे लोकांना सन्मार्गावर एकत्र धरून ठेवणे, ही कल्पना याच संदर्भात येते, आणि धर्माला ग्लानी आली असता अवतार घेण्याचे चौथ्या अध्यायातील आश्वासनही याच विचाराचा विस्तार आहे. ग्लानी हा शेवट नसून ती कर्तृत्वाला मिळालेली हाक आहे.

उतरत्या काळाची सोय आणि तिचा दुरुपयोग

कलियुग अटळ मानूनही त्यातून आशेचा मार्ग काढणारी एक परंपरा पुराणांत आहे. विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशात व्यास असे सांगतात की कृतयुगात दहा वर्षांत जे फळ मिळते ते त्रेतायुगात एका वर्षात, द्वापरात एका महिन्यात आणि कलियुगात एका अहोरात्रात मिळते. भागवतानेही दोषांच्या या सागरात हरिकीर्तन हा एक मोठा गुण पाहिला, आणि कृतयुगातील लोकही कलियुगात जन्म मिळावा अशी इच्छा करतात, असे अकराव्या स्कंधात सांगितले. याच स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली आणि ती १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केली. वारकरी संप्रदायातील नामस्मरणाच्या महतीमागे हा विचार ठामपणे उभा आहे. अधिकार कमी झाला म्हणून साधन सोपे झाले, आणि साधन सोपे झाल्यामुळे यज्ञ व अध्ययन यांपासून दूर ठेवलेल्यांनाही ते खुले झाले. विष्णुपुराणातील त्याच प्रसंगात व्यास शूद्र आणि स्त्रिया यांनाही धन्य म्हणतात. मात्र त्यामागे दिलेले कारण द्विजांची सेवा आणि पतीची सेवा असे असल्याने तो विचार समतेपर्यंत पोहोचला नाही, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. समतेच्या दिशेने पुढचे पाऊल संतांनी टाकले, ज्यांच्या मेळ्यात निरनिराळ्या जातींतील स्त्रीपुरुषांची वाणी प्रमाण मानली गेली.

जपानच्या बौद्ध इतिहासात याचे आश्चर्यकारक साम्य दिसते. धम्माच्या अंतिम अवनतीचा काळ १०५२ मध्ये सुरू झाला अशी समजूत तेथे पसरली होती, आणि त्या काळात कठीण साधना निष्फळ ठरणार म्हणून होनेन आणि त्यांचे शिष्य शिन्रान यांनी अमिताभ बुद्धाच्या नामोच्चाराचा मार्ग सर्वांना खुला केला. याउलट दोगेन या झेन आचार्यांनी, आपण अवनतीच्या काळात जन्मलो म्हणून बोधी मिळणार नाही, हा विचारच नाकारला आणि ध्यानसाधनेचा आग्रह धरला. एकाने सोपा मार्ग काढला आणि दुसऱ्याने काळाचा अडथळाच अमान्य केला, तरी साधना थांबवावी असे दोघांपैकी कोणीही म्हटले नाही.

धर्मशास्त्रात मात्र ऱ्हासाच्या कल्पनेचे दुधारी स्वरूप उघड होते. पूर्वी शास्त्राने विहित केलेल्या, पण कलियुगातील माणसांच्या दुर्बलतेमुळे निषिद्ध ठरविलेल्या आचारांना कलिवर्ज्य म्हणतात, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांचा साक्षेपी परामर्श घेतला आहे. या याद्यांत नरमेध आहे, अतिथीसाठी करावयाचा पशुवध आहे, नियोग, म्हणजे पतीखेरीज अन्य पुरुषाकडून संततीची योजना, आहे. त्याचबरोबर समुद्रप्रवास, भिन्न वर्णातील विवाह आणि एकदा दिलेल्या कन्येचा पुनर्विवाहही आहे. आजच्या विवेकाने पाहता यांपैकी काही निषेध ही नैतिक प्रगती होती आणि काही निषेधांनी समाजाचे अतोनात नुकसान केले. परंतु दोन्हींचे समर्थन एकाच वाक्याने झाले, की आताची माणसे पूर्वीसारखी राहिली नाहीत. कोणत्याही बदलाला चालणारे कारण वस्तुतः कोणत्याच बदलाचे कारण नसते.

एकोणिसाव्या शतकातील विधवाविवाहाच्या वादात याचा प्रत्यय आला. पराशरस्मृतीत असे म्हटले आहे की मनूचे धर्म कृतयुगासाठी, गौतमाचे त्रेतायुगासाठी, शंख व लिखित यांचे द्वापरासाठी आणि पराशराचे कलियुगासाठी आहेत. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी १८५५ मध्ये नेमका हाच आधार घेतला, आणि कलियुगाला लागू असलेली पराशरस्मृती पती बेपत्ता होणे, मरण पावणे यांसारख्या पाच आपत्तींत स्त्रीला दुसऱ्या पतीची मोकळीक देते, असे प्रतिपादन केले. १८५६ मध्ये विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडित यांनी हा पक्ष हिरिरीने मांडला, आणि १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर झालेल्या वादात निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. विरोधकांचे शस्त्र कलिवर्ज्य होते आणि सुधारकांचे शस्त्र कलिधर्म. काळाच्या एकाच सिद्धान्तातून परस्परविरोधी दोन आज्ञा निघाल्या. म्हणून विधवांच्या दुःखाविषयीची करुणा आणि न्यायाची जाणीव हीच या प्रश्नाची खरी कसोटी होती, आणि ती कोणत्याही युगगणनेतून मिळणारी नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात कलियुगाच्या कल्पनेवर घेतलेला आक्षेप याच मर्मावर बोट ठेवतो. हे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये त्यांच्या ग्रंथमालेच्या चौथ्या खंडात प्रसिद्ध केले. हे युगच अनीतीचे आहे, त्यामुळे यात मानवी प्रयत्नाला फळ येणार नाही, असा या कल्पनेचा लोकांच्या मनावर परिणाम होतो, याकडे ते लक्ष वेधतात, आणि बाराशे वर्षांचे युग लांबवून जवळजवळ न संपणारे का केले गेले, असा प्रश्न विचारतात. त्याआधी महात्मा फुले यांनी बळीराजाच्या राज्याला न्यायाचे राज्य मानून उत्कर्ष आणि अधःपात यांची वाटणीच बदलली होती. शोषितांच्या दृष्टीने अधःपात कलियुगाने आणला नव्हता, तो ज्यांनी सत्ता व विद्या बळकावली त्यांनी आणला होता. ऱ्हास कोणाच्या दृष्टीने मोजला जातो, हा प्रश्न या दोघांमुळे मराठी विचारात कायमचा दाखल झाला. वर्णसंकर, स्त्रियांचे स्वातंत्र्य आणि शूद्रांचे ज्ञान यांना अधःपाताची लक्षणे म्हणणाऱ्या वर्णनात खरोखर घटली असेल ती काहींची सत्ता, आणि तिलाच धर्म समजले गेले, ही चूक त्यानंतर तरी होऊ नये.

यावरून ऱ्हासाविषयीच्या प्रत्येक विधानाला तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. ते कोणत्या मूल्याने मोजलेले आहे, आणि ते मूल्य सर्वांना लागू करता येण्यासारखे आहे काय? त्याचे कारण कोणाच्या कृतीत किंवा अकृतीत दाखविता येते काय? आणि ते मान्य केल्याने बोलणाऱ्यावर कोणते कर्तव्य येते? चक्कवत्तिसीहनादसुत्त आणि शांतिपर्व या कसोट्यांना उतरतात, कारण दरिद्री माणसाची उपेक्षा आणि राजाची निद्रा ही दोन्ही कारणे दाखविता येतात व दूरही करता येतात. केवळ काळ वाईट आला असे म्हणून थांबणारे विधान एकाही कसोटीला उतरत नाही. याचा अर्थ ऱ्हास हा भ्रम आहे, असा मात्र नाही. विद्यालये राहून विद्या जाऊ शकते, देवालये राहून करुणा जाऊ शकते, न्यायालये राहून न्याय दुर्मिळ होऊ शकतो, आणि हे घडते तेव्हा ते स्पष्ट शब्दांत सांगणे हे विवेकी माणसाचे धर्मकर्तव्यच असते. परंतु ज्याला अवनती ओळखता येते त्याच्यापाशी चांगल्याचे माप अजून शिल्लक असते, आणि ज्या समाजात हे माप शिल्लक आहे त्याचा ऱ्हास अजून पूर्ण झालेला नसतो. त्या मापाने आधी स्वतःचे आचरण मोजणे आणि जे उणे आढळेल ते भरून काढणे हेच ऱ्हासाच्या ज्ञानाचे धार्मिक प्रयोजन आहे, आणि हे प्रयोजन कोणतेही युग माणसाकडून हिरावून घेऊ शकत नाही.